बोर्ड गेला, पण कशामुळे? फ्रंट लोड मशीनच्या दुरुस्तीच्या नोंदी

६ जुलै

मशीन फ्रंट लोड, सहा किलोची, नऊ वर्षांची. कार्बन ब्रशची (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या कांड्यांची) मोटर, बेल्टवर फिरणारा ड्रम. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर मोटरची मशीन आहे त्यांना खालचं निम्म्याहून अधिक लागू पडणार नाही, तिथे ब्रशच नसतात.

सकाळी चादरी टाकल्या. दार लॉक झालं, पाणी भरलं, रिले (बोर्डावरचा वीज जोडणारा स्विच) टिकटिकला आणि ड्रम सावकाश डावी-उजवीकडे फिरायच्या ऐवजी एकदम सुसाट सुटला. साठेक किलोचं धूड बाल्कनीत वीतभर सरकलं. दोन-तीन सेकंदांत आपोआप बंद, पॅनेलवर एरर. बंद करून पुन्हा लावलं तर तेच. त्यानंतर लावली नाही. अशा वेळी परत परत लावून पाहण्यात बेल्ट आणि सस्पेन्शन दोन्ही पणाला लागतात.

दार उघडत नाही म्हणून ओढू नका. दाराचं लॉक आतल्या एका पट्टीच्या उष्णतेवर चालतं, ती थंड व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात. पण टबात पाणी असताना दार उघडलं तर सगळं पाणी अंगावर येतं. आधी खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून ड्रेन फिल्टर सैल करायचा, परातीत पाणी काढायचं, मग दार. चादरी हातानं पिळल्या.

संध्याकाळी सर्व्हिसचा माणूस आला. झाकणही उघडलं नाही. एकदा लावून पाहिली आणि म्हणाला, "बोर्ड गेला मॅडम. ७,८०० लागतील." बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं आतलं सर्किट. तो का गेला विचारलं तर, "पावसाळा आहे, लाइटीचं काही सांगता येत नाही." भेटीचे ४५० घेऊन गेला.

घरात तोवर तर्क सुरू झाले होते. आईंचं म्हणणं, मंगळवारी वीज कडाडली तेव्हाच मी स्विच बंद करा म्हटलं होतं. दीर म्हणतात, कुलर. उन्हाळाभर मशीनच्या शेजारीच कुलर लावलेला असतो, त्याची ओल आत गेली असणार. दोन्ही तर्क ऐकायला बरे आहेत. मी एका पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये सहायक आहे, मीटर लावल्याशिवाय मला काहीच पटत नाही. ७,८०० द्यायच्या आधी उघडून पाहायचं ठरवलं.

७ जुलै

प्लग काढला. नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर हवा. मशीन भिंतीपासून पुढे ओढताना पायाखाली जुनी ओली चादर सरकवली, त्यामुळे फरशीवर ओरखडे आले नाहीत आणि दिरांच्या कमरेलाही त्रास झाला नाही.

वरचं झाकण मागच्या दोन स्क्रूवर असतं. स्क्रू काढून झाकण मागे सरकवलं की वर उचललं जातं. आमच्या मशीनमध्ये मेन बोर्ड उजव्या बाजूला प्लास्टिकच्या खोक्यात आहे. हात लावायच्या आधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर लावला. २३० व्होल्ट एसीचं रेक्टिफायरनंतर सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ कपॅसिटरमध्ये टिकतं. मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबले.

मग फोटो. वरून, बाजूनं, प्रत्येक कनेक्टरचा जवळून. प्रत्येक वायरीवर मास्किंग टेप लावून नंबर घातला आणि तोच नंबर बोर्डावर मार्करनं लिहिला. आमच्या बोर्डावर तीन पिनांचे दोन कनेक्टर अगदी सारखे दिसतात, एक दाराच्या लॉकचा, दुसरा पाण्याच्या व्हॉल्व्हचा. ते चुकून एकमेकांत बसू नयेत म्हणून प्लास्टिकला खाचा असतात, पण नऊ वर्षांत प्लास्टिक झिजतं आणि जोर लावला तर काहीही कुठेही बसतं.

आता बोर्डाला दोष द्यायच्या आधीची एक तपासणी, जी सर्व्हिसवाल्यानं केली नाही. मोटरीच्या मागच्या टोकाला छोटं चुंबक असतं आणि त्याभोवती कॉइल, त्याला टॅको म्हणतात. मोटर फिरली की कॉइलमध्ये थोडा एसी तयार होतो आणि त्यावरून बोर्ड वेग ओळखतो. ही कॉइल तुटली किंवा चुंबक सैल झालं तर बोर्डाला वाटतं की मोटर हललीच नाही, आणि तो जोर वाढवत नेतो. लक्षण हुबेहूब हेच, ड्रम सुसाट आणि मग एरर. बोर्ड मात्र ठणठणीत असतो. म्हणून टॅकोच्या दोन वायरींवर ओहम मोजले, १८० आले. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ड्रम हातानं गरकन फिरवला, आकडा हलला. म्हणजे टॅको निर्दोष.

मग ट्रायॅक. मोटरीला किती वीज सोडायची ते ठरवणारा हा तीन पायांचा भाग, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रूनं बसवलेला. त्याच्या दोन मुख्य पायांमध्ये दोन्ही दिशांनी काहीच जोड दिसायला नको. इथे जवळजवळ शून्य ओहम. म्हणजे आतून शॉर्ट, म्हणजे रिले लागला की मोटरीला थेट २३० व्होल्ट. बोर्डाच्या त्या कोपऱ्यात काजळीही दिसली. बाकी फ्यूज शाबूत, लाइनवरच्या वाढीव व्होल्टेजला अडवणारा व्हॅरिस्टरही शाबूत.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटली. वीज कडाडून किंवा न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं असतं तर बहुधा आधी व्हॅरिस्टर फुटतो आणि फ्यूज जातो. इथे लाइनच्या बाजूला काहीच झालेलं नाही, जे जळलं ते मोटरीच्या बाजूला. आईंना हे सांगितलं नाही.

९ जुलै

ट्रायॅकवरचा नंबर बीटीबी१६-६००बीडब्ल्यू. ऑफिसनंतर छत्रपती चौकातून मेट्रोनं बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात. काउंटरवरच्या पोरानं बीटीए१६-६००बी दिला. "सेमच आहे मॅडम." सेम नाही. शेवटच्या डब्ल्यूचा अर्थ असा की मोटरसारख्या लोडवर वेगळा स्नबर (झटके शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) न जोडताही तो नीट बंद होतो. डब्ल्यू नसलेला लावला तर बंद करायला सांगूनही तो आपल्या मनानं चालू राहू शकतो, मग पुन्हा सुसाट ड्रम. बीटीए आणि बीटीबीचा फरक मात्र चालतो. बीटीबीच्या पाठीचा पत्रा करंटमध्ये असतो, बीटीएचा आतून वेगळा केलेला असतो, म्हणजे उलट सुरक्षितच. डब्बे शोधायला लावून बीटीए१६-६००बीडब्ल्यू घेतला, ७० रुपये.

रात्री डिसोल्डर पंपानं जुना काढला. बोर्डावर लाखेसारखा थर आहे, तो सोल्डरिंग आयर्ननं जळतो आणि वास येतो, खिडकी उघडी ठेवा. बाहेर काढून मोजला तरी शॉर्टच. नवा बसवला, पाठीला पेस्ट लावली.

मशीन लावली. पाणी भरलं, रिले वाजला, ड्रम जागचा हलला नाही.

गेटकडे, म्हणजे ट्रायॅकला चालू करणाऱ्या तिसऱ्या पायाकडे, जाणारा रेझिस्टर तपासला, तो आतून तुटलेला. बदलला. त्यामागचा ट्रान्झिस्टर शॉर्ट, तोही बदलला. २० रुपयांत दोन्ही. ड्रम तरीही ढिम्म. प्रोसेसरच्या ज्या पायावरून इशारा यायला हवा तो पायच मेलेला आहे. ट्रायॅक फुटताना आतल्या आत मेनचा झटका गेटमार्गे थेट प्रोसेसरपर्यंत गेला असणार. प्रोसेसर कोरा विकत मिळून उपयोग नाही, त्यातला प्रोग्रॅम कंपनीचा.

लॅबमधल्या एका सरांनी स्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून पाहायला सांगितलं होतं. ते करू नका. अशा बऱ्याच बोर्डांवर पाच व्होल्टची लाइन मेनलाच जोडलेली असते, वेगळी केलेली नसते. स्कोपच्या प्रोबचा क्लिप अर्थला असतो. तो बोर्डाच्या ग्राउंडला लावला की मेन थेट अर्थला, आणि धूर. त्याच कारणानं मशीन चालू असताना "फक्त पाच व्होल्टच तर आहे" म्हणून बोर्डाला बोटही लावायचं नाही.

१० जुलै

बोर्ड घेऊन पुन्हा बर्डी. या वेळी गल्लीतलं दुसरं दुकान, जिथे मागच्या टेबलावर बोर्ड दुरुस्तच होत असतात. त्या भाऊंनी बोर्ड उलटसुलट पाहिला, काजळी पाहिली आणि बोर्डाबद्दल काही बोलायच्या आधी विचारलं,

"कार्बन पाहिले काय ताई?"

नाही पाहिले.

"बोर्ड काय, आत्ता काढून देतो. पण कार्बन पाहिल्याशिवाय लावला तर पंधरा दिवसांत परत माह्याच काउंटरवर याल अन् म्हणाल भाऊनं फसवलं. ट्रायॅक असाच नाही मरत. मोटर मारते त्याले."

दरही त्यांनीच सांगितला. नवा जुळणारा बोर्ड ३,४००. जुना परत दिला तर ५०० कमी. पण आमचा हातात घेऊन म्हणाले, "याले तर सोल्डर मारून राहिले तुम्ही. सोल्डर मारलेला आम्ही नाही घेत." म्हणजे ९० रुपयांच्या दुरुस्तीनं ५०० घालवले. बोर्ड बदली देऊन घ्यायचा विचार असेल तर त्याच्यावर काहीही करायच्या आधी दुकानात विचारून घ्या.

बोर्ड घेतला नाही. मोटर पाहून येते म्हटलं.

१३ जुलै

लॅबमधून मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं यंत्र) रजिस्टरवर सही करून शनिवार-रविवारसाठी आणला. मागचं झाकण उघडलं. बेल्ट काढायचा तर मोठी पुली हातानं फिरवत फिरवत बेल्ट कडेला ओढायचा, पेचकसानं उचकटला तर त्याच्या खाचा फाटतात. मोटर खाली दोन बोल्टवर आहे. दुसरा बोल्ट सुटायच्या आधी खाली हात हवा, ती चांगलीच जड आहे आणि पडली तर ड्रेनचा पाइप तुटतो.

ब्रश बाहेर काढल्यावर भाऊंचं म्हणणं पटलं. नवा ब्रश सुमारे ३४ मिलिमीटरचा. आमचा एक ९ वर आलेला, दुसरा ११ वर, आणि ९ वाल्याचं एक टोक तुटलेलं. स्प्रिंगला इतक्या दूरवर पोचायचं बळच उरत नाही, ब्रश कॉम्युटेटरवर (मोटरीच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) टेकायच्या ऐवजी उडतो. प्रत्येक उडीला ठिणगी, प्रत्येक ठिणगीबरोबर करंटचा झटका, आणि ते सगळे झटके जातात ट्रायॅकमधून. कपडे पिळताना मोटर सर्वांत वेगानं फिरते तेव्हा हे सर्वांत जास्त. मशीनच्या मागून जळकट वास येतो अशी तक्रार मुलानं मार्चमध्येच केली होती आणि तेव्हा सगळ्यांनी कुलरच्या गवताला दोष दिला होता.

मोटरीच्या आत काळी पूड. टॉर्च मारली तर वायंडिंगवर, पत्र्यावर, सगळीकडे कार्बन. साध्या मल्टिमीटरनं वायंडिंग ते बॉडी मोजलं तर काहीच जोड नाही. हीच फसगत होते, मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो. मेगर ५०० व्होल्टवर लावला आणि आकडा आला ०.३ मेगाओहम. एक मेगाओहमच्या खाली मोटर चालवायची नाही, असं आम्ही पोरांना पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगतो.

मेगर लावताना मोटरीचा कनेक्टर बोर्डापासून सुटा असायलाच हवा. टॅकोच्या वायरींना मेगर लावायचा नाही. बोर्ड जोडलेला ठेवून मेगर फिरवला तर जिवंत बोर्डही मरेल.

हात लागलाच आहे तर हीटरही मोजला. २७ ओहम, म्हणजे दोन हजार वॅटच्या आसपास, बरोबर. बॉडीशी मेगरनं ५० च्या वर, तोही बरोबर. पण त्याच्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा खार पापुद्र्यासारखा चढलाय. आमच्याकडे पंपाला पाणी कमी आलं की बोअर सुरू होतं आणि सगळं मशीनमध्ये जातं. तो विषय आता नको.

१४ जुलै

साफसफाईचा दिवस. आधी कोरड्या ब्रशनं, मग ब्लोअरनं, बाल्कनीबाहेर धरून आणि तोंडाला रुमाल बांधून. कार्बनची पूड भिंतीला लागली तर निघत नाही, हे आमच्या भिंतीवर आता दिसतंच आहे.

मग कॉम्युटेटर. त्याच्यावर काळे पट्टे पडले होते. लाकडाला वापरतात तो बारीक पॉलिश पेपर आर्मेचर (मोटरीचा फिरणारा भाग) हातानं फिरवत हलका धरला. एमरी वापरायचा नाही, त्याचे कण पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसतात आणि वीज वाहून नेतात. फटी टूथपिकनं मोकळ्या केल्या, लोखंडी टाचणीनं नाही. मग नखानं पट्ट्यांवरून गोल फिरवून पाहिलं, नख कुठे अडत नाही ना. एखादी पट्टी उचललेली असेल तर ती नवे ब्रश खाऊन टाकते, तेव्हा ब्रशवर पैसे घालू नका, आर्मेचरचा विचार करा. आमचं नख अडलं नाही.

पुन्हा मेगर. ४० मेगाओहम. काल ०.३ होतं. ना वायंडिंग बदललं, ना वार्निश मारलं, फक्त धूळ काढली.

ब्रशची जोडी मानेवाडा रोडवरच्या रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली, ३२० रुपये. जुना नमुना दाखवूनच घ्या. रुंदी अर्धा मिलिमीटर जास्त असली तरी होल्डरमध्ये अडकून बसते आणि कमी असली तर थरथरते.

आता मोटर तपासायची तर ती सरळ लाइनला जोडायचा मोह होतो. अजिबात नाही. ही युनिव्हर्सल मोटर आहे, बेल्ट आणि ड्रमचा भार नसताना तिला पूर्ण व्होल्टेज दिलं तर वेग वाढतच जातो आणि टेबलावरून उडी मारते. १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून जोडली. जुना बल्ब कुठे मिळेना, शेवटी देवघराच्या माळ्यावर सापडला. होल्डर, वायर, प्लग मिळून सिरीजचा बोर्ड १५० रुपयांत झाला. बल्ब मंद पेटला, मोटर सावकाश फिरू लागली. तशीच अर्धा तास फिरू दिली. नव्या ब्रशचं तोंड सपाट असतं, ते घासून कॉम्युटेटरच्या गोलाईवर बसावं लागतं. सुरुवातीला ठिणग्या बऱ्याच होत्या, शेवटी जेमतेम दिसत होत्या.

दीर पाहायला आले आणि म्हणाले, "वहिनी, अजूनही सांगून राहिलो, कुलर तिथून हलवा." कुलर हलवू. पण ट्रायॅक कुलरनं मारला नाही.

१७ जुलै

मोटर परत बसवली, बेल्ट चढवला आणि बोर्ड आणला. जुन्या बोर्डावरच्या स्टिकरवर दोन ओळी आहेत, एक हार्डवेअरचा नंबर, खाली प्रोग्रॅमचा नंबर आणि त्याला जोडून डॅश देऊन दोन आकडे. नव्यावर पहिल्या दोन्ही ओळी तंतोतंत. शेवटचे आकडे वेगळे, आमचे ०४, त्याचे ०२. भाऊ म्हणाले, "चालून जाते बहुतेक. नाही चाललं तर घेऊन या, काहीतरी करू."

पहिली वीज नेहमी सिरीजच्या बल्बमधूनच द्यायची. बोर्ड जोडला, कनेक्टर नंबर पाहून लावले, प्लग सिरीजच्या बोर्डात. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला. याचा अर्थ पॉवर सप्लायचा कपॅसिटर भरला आणि कुठे शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण पेटून राहिला असता तर तिथेच थांबले असते आणि ३,४०० वाचले असते. पॅनेलचे दिवे लागले. यापुढे बल्बवर जायचं नाही, मोटर फिरायला लागली की बल्ब पेटतो, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. त्यावरून बोर्ड खराब आहे असं वाटण्याची शक्यता असते.

थेट लाइनवर. पाणी भरलं, ड्रम सावकाश डावीकडे, थांबला, सावकाश उजवीकडे. घरात टाळ्या.

मग लक्षात आलं की नॉब "कॉटन ६०" वर आहे आणि पडद्यावर वेळ दिसतो २९ मिनिटं. नॉब एक घर पुढे नेला तर कॉटनची वेळ आली. पिळायचा वेग ८०० च्या वर जातच नाही, आमची मशीन १,००० ची. म्हणजे बोर्ड तोच, पण त्याला वाटतंय आपण दुसऱ्या मॉडेलमध्ये आहोत. आईंचं म्हणणं, नॉब एक घर पुढे ठेवायची सवय करू. ८०० वरचे कपडे या दिवसांत बाल्कनीत दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे ती सूचना फेटाळली. शिवाय मोटर, हीटर, पाण्याची पातळी यांचे आकडेही त्या दुसऱ्या मॉडेलचेच असणार, ते कुठे जाऊन नडतील कोण जाणे.

१९ जुलै

दोन्ही बोर्ड घेऊन भाऊंकडे. त्यांनी आठ पायांच्या एका छोट्या आयसीवर बोट ठेवलं. ईप्रॉम. मॉडेलची सगळी सेटिंग यात असते, प्रोसेसरमध्ये नाही. जुन्या बोर्डावरचा प्रोसेसर मेला असला तरी हा जिवंत असू शकतो. हार्डवेअर आणि प्रोग्रॅमचा नंबर एकच असेल तर जुन्यावरचा ईप्रॉम नव्यावर बसवता येतो.

"प्रोग्रॅमचा नंबर वेगळा असता तर मी हात नसता लावला," भाऊ म्हणाले.

गरम हवेनं दोन्ही काढले, जुना नव्या बोर्डावर बसवला, नव्याचा एका पुडीत घालून स्टिकरसकट मला दिला, म्हणजे जमलं नाही तर परत लावता येईल. २०० रुपये. मी घरी हे केलं असतं का? माझ्याकडे गरम हवेचा ब्लोअर नाही आणि त्या पायांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर आहे. सोल्डरिंग आयर्ननं बोर्डाचा ट्रॅक उचलला असता. काही कामं काउंटरवरच बरी.

त्यातून एक गोष्ट कळली. जुना बोर्ड "मेला" म्हणून सर्व्हिसवाल्याबरोबर जाऊ देऊ नका. त्याच्यावरचं स्टिकर आणि हा आयसी, दोन्ही आपल्या मशीनचेच आहेत.

२१ जुलै

पुन्हा आधी सिरीजचा बल्ब, मग थेट लाइन. नॉब "कॉटन ६०" वर, पडद्यावर कॉटनचीच वेळ. पिळायचा वेग १,००० पर्यंत जातो.

कपडे न टाकता एक पूर्ण फेरी चालवली, मागचं झाकण उघडं ठेवून, दूर स्टुलावर बसून. पाहायचं ते हे: ब्रशजवळच्या ठिणग्या निळसर आणि बारीक आहेत, लालसर फटाके नाहीत. हीटर लागला की घरच्या विजेच्या मीटरचा वेग वाढतो, काच हाताला गरम लागते. पाणी सोडताना पंप वाजतो. पिळताना वेग टप्प्याटप्प्यानं चढतो. मग चार चादरी टाकून दुसरी फेरी. सव्वा तास उभी राहिले, काही झालं नाही.

प्लगमध्येही एकदा मोजून घेतलं. फेज ते न्यूट्रल २२८, न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्टच्या आत. अर्थ ठीक आहे. तुमच्याकडे न्यूट्रल ते अर्थ दहा-वीस व्होल्ट दिसले तर बोर्ड बसवायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मशीन नंतर.

आता झाकण बंद. बोर्डाच्या खोक्याच्या तळाशी झुरळांची अंडी होती, ती काढली आणि वायरीच्या भोकाला जुनी स्पंजची पट्टी लावली.

४ ऑगस्ट

दोन आठवडे रोज चालली. एरर नाही, वास नाही.

खर्च: सर्व्हिसच्या भेटीचे ४५०, ट्रायॅक ७०, रेझिस्टर-ट्रान्झिस्टर २०, ब्रश ३२०, सिरीजचा बोर्ड १५०, बोर्ड ३,४००, ईप्रॉम बदलायचे २००. एकूण ४,६१०. यातले ट्रायॅक आणि रेझिस्टरचे ९० वाया, आणि बदलीचे ५०० हुकले ते वेगळेच. मेट्रोचं भाडं धरलेलं नाही. ७,८०० मध्ये ब्रश नव्हते हे लक्षात घ्या. तो बोर्ड ९ मिलिमीटरच्या ब्रशवर बसला असता.

वेळ बोर्ड बदलायला लागलाच नाही म्हणा, वीस मिनिटं. बाकी सगळा मोटरीत, बाजारात आणि माळ्यावर बल्ब शोधण्यात गेला.

हीटरवरचा खार काढायचा राहिलाय, त्यासाठी १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणून ठेवलंय. रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर एक फेरी चालवायची, नंतर साध्या पाण्याची एक. ब्लीचबरोबर नाही.

आज मोटर न काढता, मागून टॉर्च मारून ब्रश पाहिले. होल्डरच्या कडेवर मार्करनं एक रेघ केलीय, ब्रश तिच्या खाली गेला की बदलायचा. दिवाळीच्या सफाईत पुन्हा पाहीन. पिळताना डाव्या बाजूनं एक घरघर येते, ती आधी मोटरीच्या आवाजात दबून जायची. बहुतेक बेअरिंग. त्याच्या नोंदी वेगळ्या.